रिकाम्या खुर्चीचा होकार

"अहो बाई, माझा कोबी उभा वाळतोय! पाटाचं दार उघडणार की नाही, तेवढं सांगा!" माळीण गावकचेरीत शिरली ती तणतणतच.

प्रमुखबाई स्टुलावर बसल्या होत्या. शेजारची मोठी खुर्ची रिकामी, तरी माळीण बोलत होती खुर्चीकडे बघून. आता काय म्हणावं याला!

खुर्ची त्यांच्या नवऱ्याची. दोनदा निवडून आला, तिसऱ्यांदा उभं राहायला कायद्यानं बंदी. म्हणून गड्यानं बायकोला उभं केलं. सही बाईंची, हुकूम याचा. खालच्या मळ्यांनी मतं दिली नाहीत म्हणून त्यांचं पाणी यानंच तोडलं. उन्हाळ्याच्या तोंडावर तो वारला, पण खुर्ची कोणी हलवली नाही. शिपाई ती रोज पुसायचा, कारकून कागद आधी तिच्यापुढे धरायचा. आणि बाईंना, सांगायची सोय नव्हती, पण तिथून खोकला ऐकू यायचा. नाही म्हणायच्या आधी तो खोकायचा ना, अगदी तसाच.

आत्ताही आला. पण माळिणीच्या हातातलं करपलेलं रोप बघून बाईंचा जीव तुटला.

"चल," म्हणत त्या उठल्या.

पाटावर माती भेगाळून पडली होती. पाटकरी दाराच्या चाकाला टेकून उभा.

"उघड रे दार."

"साहेबांना विचारलंत?"

"अरे, ते गेले ना!"

"गेले हो. पण बंद ठेव म्हणाले होते. त्यांचा शब्द कसा मोडू?"

"प्रमुख मी आहे!"

"ते आहेच की. पण विचारलंत का?"

बाईंनी वाळलेल्या वाफ्यांकडे पाहिलं.

"विचारलं. हो म्हणाले."

"मग आधी नाही का सांगायचं!" त्यानं चाक गरागरा फिरवलं. पाणी धावलं. माळीण रडली, हसली आणि कचेरीच्या दिशेनं हात जोडून म्हणाली, "उपकार झाले, साहेब!" बाई तिच्या शेजारीच उभ्या होत्या.

त्या परतेपर्यंत बातमी पुढे पोचली होती. खुर्चीपुढे कागदांची चळत.

"साहेब बोलतात म्हणे," कारकून हळूच म्हणाला. "एवढं विचारून ठेवा ना, बाई."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. या वेळी खोकला आला नाही. कोणी ऐसपैस टेकून बसावं तशी खुर्ची नुसती करकरली. जिवंतपणी निदान कायद्यानं तरी उठवला होता. आता याला कोण उठवणार!