दिवेलागणीनंतर विस्तव

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे. तळेघरच्या वरच्या वाडीतली. शाळेची पुस्तकं माझ्यातच जळली. त्यांतल्या निबंधांत प्रत्येक वस्तू 'मित्रांनो' म्हणून बोलायला लागते, म्हणून मीही म्हणते. ऐकायला वाडीत एकच पोर उरलंय.

जन्म. साळुबाई लग्न होऊन आली त्या वर्षी तिने वारुळाची माती आणली, त्यात भाताचा तूस मिसळला, चिखल पायांनी तुडवला आणि मला घडवलं. शेजारी वैल काढला, म्हणजे एका जाळावर दोन भांडी शिजावीत.

काम. नाचणीच्या भाकरी. भाताची पेज. बाळंतिणीचं पाणी.

कौतुक. "साळूची चूल धूर करत न्हाई," असं बायका म्हणायच्या. एवढंच. मला पुरलं.

उपेक्षा. साळुबाईच्या लेकाने, संपतने, मंचरहून स्टोव्ह आणला. माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली.

निबंध इथवर सरळ चालतो. पुढे मोडतो.

२००१च्या हिवाळ्यात खालच्या गावांकडून तापाची साथ आली. आधी एसटी बंद झाली. मग रेडिओ नुसता खरखरू लागला. संपत आणि वाडीतले पुरुष औषध आणायला मंचरला उतरले. परतले नाहीत. त्यांना शोधायला गेलेलेही परतले नाहीत. मग ताप वाडीतही चढला. उरल्या साळुबाई, तिची सून इंद्रायणी, आणि जुन्नरची बांगड्यावाली कमरजहाँ. ती बाजाराला आली होती, इथेच अडकली. तिची धाकटी लेक आरफा सोबत. दोघी शाळेच्या खोलीत राहत.

रॉकेल संपलं. काड्यापेट्या संपल्या. गारगोटीतून ठिणगी काढायची कला कुणाच्या हातात उरली नव्हती. विस्तव दोनच ठिकाणी: माझ्यात, आणि कमरजहाँच्या तीन दगडांत. एकीचा विझला की दुसरीकडून न्यायचा. असं करत त्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगल्या.

उन्हाळ्यात त्यांनी राब रचला. रोपांच्या जागेवर पाला नि शेण पसरून जाळायचं. नाहीतर नाचणीच्या रोपाला गवत गिळून टाकतं. सकाळी तो पेटवायचा होता.

आदल्या संध्याकाळी कमरजहाँ खापर घेऊन दारात आली.

"साळुमावशी, आमचा इझला गं. एक निखारा दे."

"आता? दिवेलागण झाली. या वक्ताला घरातला विस्तव देत न्हाईत. लक्ष्मी जाती."

"तेलाचा थेंब न्हाई कुणाकडं, अन् दिवेलागण कसली गं?"

"आत्या, द्या की," इंद्रायणी म्हणाली. "लक्ष्मी ऱ्हायलीय कुठं जायला?"

"तू गप. समदं गेलं. माझा संपत गेला. येवढी एक रीत तरी ऱ्हाऊ दे माझ्या घरात. सकाळी ये कमर, घमेलंभर निखारे देते."

कमरजहाँ हसली. "लई मोठी सावकारीण!" म्हणाली, आणि रिकामं खापर घेऊन गेली.

थोड्या वेळात वळीव आला. वाऱ्याने छपराचे पत्रे उचलले आणि पाणी सरळ माझ्यावर कोसळलं. इंद्रायणीने वर परात धरली. साळुबाईने मला पाठीने झाकलं. राखेचा चिखल झाला. राखेतली पेटती गोवरी मी धरून ठेवली, मित्रांनो, धरवेल तितकी. मी मातीची. मीही विरघळत होते.

शाळेला स्लॅब आहे. तिथे एक थेंब गळला नाही.

सकाळी कमरजहाँ आली. तिने माझ्यात पाहिलं, मग साळुबाईकडे. माझ्यात नुसता थंड चिखल होता. इंद्रायणी म्हणाली,

"आता कुणाकडं जायचं मागाया?"

राब भिजला. मग वाळला. पेटवणार कशाने? नाचणी तशीच पेरली, ती गवताखाली दिसेनाशी झाली. आता त्या उरलेले दाणे भिजवून चावतात. आरफाला ते पचत नाहीत. थंडी जवळ आलीय.

साळुबाई मला रोज सारवते. तडे बुजवते. इतकी काळजी माझी कुणी कधी केली नव्हती. त्या काळजीचा काही उपयोग नाही.

काल भरदुपारी साळुबाई स्वतः खापर घेऊन शाळेत गेली. विस्तव मागायला. कमरजहाँने तिला आत घेतलं, आणि दोघी त्या थंड दगडांपाशी बसून राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात विस्तव असेल, तर शेजारी थोडा देऊन ठेवा. आजच. अंधार पडला असला तरी.