मुरलीधररावांचं ‘मालूम नहीं’

“बाबा, तुम्ही फॅक्टरीत काय बनवत होते?”

विनीतानं शेवटी विचारलंच. तिच्याशी पैज लावणाऱ्या मैत्रिणी शैलजा आणि कुंदा दाराशीच उभ्या होत्या. जबलपुरातल्या त्या वस्तीत अर्ध्या पोरींचे बाप लष्कराच्या फॅक्टरीत. पण आत काय बनतं, एकीलाही ठाऊक नव्हतं.

मुरलीधररावांचा उजवा हात लकव्यानं मांडीवर पडून होता. त्यांनी डाव्या हातानं खिडकी लोटली.

“मालूम नहीं.”

इंदिराबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. दिवाळीत लकव्यानं शब्दही नेले, तेव्हापासून त्या रोज नवऱ्याला वस्तू दाखवत, नाव वदवून घेत, जरा वेळानं पुन्हा विचारत. आठवण अशीच हळूहळू परत येते, असं फॅक्टरीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते. त्यांनीच मागच्या वेळी रांगेतल्या सगळ्यांसमोर कामाचं विचारलं, तेव्हाही हेच उत्तर. सोमवारी शेवटची तपासणी; काम आठवत नाही असं ठरलं, तर नोकरी जाणार. लढाई सुरू होती. जागा रिकामी कोण ठेवणार?

“कामाचंही विसरले,” त्या म्हणाल्या. “थकली गं मी आता.”

विनीतानं पळी उचलली.

“हे काय?”

“भाजी... वाढायची...” त्यांचे ओठ धडपडले, डोळे भरले. “आठवून नाही राहिलं, बेटा.”

“पळी. म्हणा.”

“पळी.”

“अन् फॅक्टरीत काय बनतं?”

“मालूम नहीं.” अडखळणं नाही, डोळ्यांत पाणी नाही. नजर दाराकडे.

विनीता थबकली. घरच्यांशी बाबा मराठीत बोलत, हिंदी बाहेरच्यांसाठी. तिनं मैत्रिणींना घालवलं, कडी लावली आणि त्यांच्या पायाशी बसली.

“सांगायचं नाही आहे नं, बाबा?”

त्यांनी लावलेल्या कडीकडे पाहिलं.

“लढाई सुरू आहे,” ते हळूच म्हणाले.

“अगं बाई!” इंदिराबाईंनी भिंतीला पाठ टेकली. “अन् डॉक्टरला काहून नाही सांगितलं? नोकरी जाते नं!”

“रांगेत... लोक होते...” ते म्हणाले.

विनीता उठली.

“सोमवारी मी शाळेत जाणार नाही. आई, तू घरी जरा झोप. बाबांना मी नेते. डॉक्टरांना सांगते, लोकांसमोर नका विचारू. फाटकाच्या आत न्या, त्यांच्या मशीनपाशी उभं करा, मग विचारा.”