सुटलेली घोडी

बुरुलने घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांत लोखंडी पायबंद अडकवला, कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. तिचा नवरा, जोमार्त, दारात उभा राहून बघत होता.

"आता पळून दाखव म्हणावं," ती म्हणाली.

"मुक्या जनावराला बेड्या घालतेस? लाज नाही वाटत?"

"खाणीवरच्या पहारेकऱ्यांच्या शिव्या तुम्ही खाता, मला कसली लाज? पुढच्या खेपेला घोडी कुंपणाच्या आत सापडली तर परत देणार नाहीत. स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

"कुरण विकून बसलेल्या बाईने मला शिकवू नये."

हा टोमणा ठरलेलाच होता. तीन वर्षांपूर्वी खाणवाल्यांनी घरटी एक सही घेतली, तेव्हा जोमार्त मेंढरांमागे डोंगरात होता आणि सही बुरुलने केली. सगळ्या गावाने केली. त्या पैशांतून घरावर नवा पत्रा चढला. त्या पत्र्याकडे जोमार्तने अजून मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि तेव्हापासून बायकोला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. दोघांचे चाळीस उन्हाळे ज्या कुरणावर गेले तिथे आता खड्डा होता. तळातले ट्रक वरून मुंग्यांएवढे दिसतात म्हणे. बुरुल तिकडे फिरकली नव्हती. भुरी घोडी मात्र त्याच कुरणावर जन्मलेली. मे महिना लागला की तिचं दावं तुटायचं, ती तिकडे सापडायची आणि जोमार्त तिला आणायला जायचा. परतला की चार दिवस वसवस करायचा. बुरुलला त्या घोडीचा मनस्वी संताप यायचा.

दुसऱ्या सकाळी जोमार्त घरात नव्हता. ती चहा ठेवत होती, तेवढ्यात फोन वाजला. मेलिस होता. गावातलाच पोरगा, पण खाणीवर पहाऱ्याला लागल्यापासून गावात त्याला कुणी सलामही करत नसे.

"आपा, म्हातारबा कुंपणाच्या आत शिरलेत. खड्ड्याच्या कडेला बसलेत, हलायला तयार नाहीत."

"म्हणतायत काय?"

"घोडी सुटलीय, तिला शोधतोय म्हणतात. साहेब पोलिसांना बोलावतोय. खरं सांगा, घोडी सुटलीय का?"

बुरुलने खिडकीतून पाहिलं. भुरी अंगणात गवत खात होती. खुंटीला गेल्या वर्षीचं दावं लटकत होतं. त्याचं टोक झिजून तुटलेलं नव्हतं, सुरीने कापल्यासारखं सरळ होतं. ते तिने तेव्हाही पाहिलं होतं, आणि कच्चा दोर दिला म्हणून विकणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

"आपा?"

"सुटलीय," ती म्हणाली. "पहाटेच सुटली. शोधू दे त्यांना, घाई करू नका. आणि मेलिस, कडेपासून जरा मागे सरकून बसा म्हणावं. बुरुलने सांगितलंय म्हण."

ती अंगणात आली, गुडघे टेकून खाली बसली आणि कुलूप उघडलं. पायबंद गळून पडला. भुरी जागची हलली नाही.

"जा की गं, मेले!" बुरुलने तिच्या पाठीवर थाप मारली. घोडीने मान वळवून एकदा पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

बुरुलने आत जाऊन चहाखालचा जाळ विझवला. मग घोडीला लगाम घातला आणि तिला घेऊन तीन वर्षांत पहिल्यांदाच कुरणाच्या वाटेला लागली.