डाव्या हाताचा खळगा

मित्रांनो, लाकडाच्या भांड्याला बोलता येतं का, असं तुम्ही विचाराल. येतं. फक्त पोटात पीठ नसेल तेव्हाच येतं. हात कामात असलेल्या बाईला गप्पांना वेळ कुठला? आज दुपारच्या भाकरी उरकल्या आहेत. मला धुऊन भिंतीशी उभी केली आहे, आणि तीही सावलीत. उन्हात का नाही, ते पुढे कळेलच. तेवढ्या वेळात सांगून घेते.

मी इनामगावच्या गिताबाईंची जुनी काठवट. एकाच ओंडक्यातून कोरलेली रुंद, उथळ, जाड काठाची. माझ्यातच पीठ मळतात आणि माझ्यातच भाकरी थापतात. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, तेव्हा माझ्या बोलण्यात खडे लागले तर वेचून बाजूला ठेवा, पण ताट सारू नका.

त्याआधी मी बाभूळ होते. घोड नदीच्या काठावर, पाण्यावर वाकलेली. पाण्यात मला दुसरी एक बाभूळ उलटी उभी दिसायची. मला वाटायचं, ती माझी बहीण. सुगरणी माझ्या फांद्यांना घरटी टांगायच्या आणि वारा आला की ती घरटी वर आणि पाण्यातही, दोन्हीकडे डुलायची. एका पुरात मी आडवी झाले. भिमाजी सुतारानं मला वाकसानं तासली, कोरली, घासली. आठ दिवस त्याच्या अंगणात माझाच भुसा वाऱ्यावर उडत होता आणि मला मात्र झोप लागल्यासारखं वाटत होतं. जाग आली ती कुशाबाईंच्या चुलीपुढे.

कुशाबाई म्हणजे गिताबाईंची सासू. घर धनगराचं. घर कसलं, मेंढरांमागं हिंडणारा बिऱ्हाडांचा वाडाच तो. त्याच साली पंधरा-सोळा वर्षांची गिताबाई सून होऊन आली आणि पहिल्याच दिवशी डाव्या हातानं पीठ मळायला बसली.

"आगं बाई, डावरी हाय ही!" कुशाबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या. "देवाच्या निवदाला कुठला हात लावायची गं तू?"

मान खाली घालूनच पोरगी म्हणाली, "ज्या हाताची भाकर फुगंल, त्यो."

भाकरी फुगली. कुशाबाईंनी तीच निवदाला ठेवली. मी तेव्हाच ओळखलं, या बाईशी आपलं जमणार.

मग आमचं हिंडणं सुरू झालं. दिवाळी सरली की वाडा कोकणाच्या वाटेला लागायचा. घोड्याच्या पाठीवर सगळ्यात वर मला पालथी बांधायचे आणि माझ्या आडोशाला लहानगा हनुमंत, गिताबाईचा लेक, गाठोड्यातून डोळे बाहेर काढून बसायचा. पुढे मेंढरांचा पांढरा-काळा लोंढा, गळ्यांतल्या घंटा, धुळीचा वास. मला तर वाटायचं, आपण अजून नदीवरच आहोत, फक्त वाहायला लागलोय. कोकणात शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि मोबदल्यात भात द्यायचे. भात पोटात जायचा. पण हात धुताना "जेवलो" असं आमच्यातलं कुणी म्हणायचं नाही. बरोबर नेलेली बाजरी संपत आली की गिताबाई मूठभर पीठ राखून ठेवायची आणि एखाद्या दिवशी एकच भाकरी करून सगळ्यांना घास-घास वाटायची. त्या दिवशी माणसं म्हणायची, आज जेवलो.

वर्षांमागून वर्षं तिचा डावा तळहात माझ्या एकाच अंगाला घासत राहिला. तिथं एक खळगा पडला. बाकीच्या बायकांच्या काठवटी उजवीकडे झिजतात. मी डावीकडे झिजले. मला त्याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

पुढे मेंढरं विकली. घोड नदीकाठी जमीन घेतली, ऊस लावला. हनुमंताला पाटसच्या साखर कारखान्यावर नोकरी लागली आणि त्यानं दौंडला बिऱ्हाड केलं. इनामगावात चार खोल्यांचं स्लॅबचं घर उठलं. ब्याण्णव-त्र्याण्णवचं साल असेल. वास्तुशांतीला सारा गाव जेवला. मांडवगण फराट्याच्या मारुतरावांच्या तुळजाबाईही आल्या, मोठ्या बागायतदार घरातल्या, हातभर बांगड्या. पुरणपोळ्या होत्याच. पण बायकांच्या शेवटच्या पंगतीला गिताबाईनं हौसेनं माझ्यातली गरम भाकरी तुपात माखून वाढली. नवं घर, आपली भाकरी. तिला वाटलं, यापेक्षा मोठा मान काय करणार?

तुळजाबाईंनी भाकरी दोन बोटांनी उचलली, ताटाच्या कडेला सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आगं बाई, बंगला बांधला, आन् ताटात अजून बाजरीच?"

बायका हसल्या. फार नाही, थोड्याच. पण तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी गिताबाई दौंडच्या बाजाराला गेली आणि स्टीलची परात घेऊन आली. काठावर नाव कोरलेली, सौ. गिताबाई म्हाळू. म्हाळू म्हणजे तिचा मालक. तो बिचारा म्हणाला, "मला भाकर लागती गं." ती म्हणाली, "लागू द्या. ह्या घरात हितून म्होरं चपाती. मेंढरं गेली, बाजरीबी गेली."

मित्रांनो, भांड्यावर नाव कोरलं म्हणून ते भांडं आपलं होत नाही. त्या परातीला वर्षभर वापरूनही गिताबाईचा हात कळला नव्हता. पण मी कोण सांगणारी? मी गोठ्यात गेले. शेळ्या माझ्यातून पाणी प्यायच्या. एक कोंबडी पिल्लं घेऊन माझ्याखाली बसायची. अपमान वाटायचा, नाही म्हणत नाही. पण पाण्यावर आभाळ उतरलं की मला पुन्हा नदी आठवायची, आणि शेळीनं तोंड घातलं की आभाळ मोडायचं.

दहा-एक वर्षांनी एक पिकअप दारात उभी राहिली. तुळजाबाईंचा मुलगा पृथ्वीराज खाली उतरला. पाटसजवळ हायवेला त्यानं हॉटेल काढलं होतं. मागे गाडीत बैलगाडीची चाकं, कंदील, मोडका नांगर.

"काकू, जुनं काही पडलंय का घरात? हॉटेलला भिंतीवर लावायला पाहिजे. पुण्याच्या लोकांना असलं लय आवडतं."

गिताबाईची नजर गोठ्याकडे गेली. माझ्याकडे. मला वाटलं, आता ही म्हणेल, न्हाई रे बाबा, काय न्हाई. पण समोर उभा होता तो तुळजाबाईंचा लेक. त्याच्यापुढे काठवटीवर आपला जीव आहे हे कबूल करायचं?

"न्हे की ती," ती म्हणाली. "आमच्यात कोण वापरतंय आता? अडगळ नुसती."

असं म्हणताना तिनं डावा हात पदरात घेतला. तेवढं मी पाहिलं.

हॉटेलात मला उंच भिंतीवर ठोकलं. माझ्या दोन्ही बाजूंना आणखी दोन काठवटी, पण त्या उजव्या. आम्हा तिघींच्या पोटात पिवळे दिवे लावले. खाली पाटी होती: चुलीवरची बाजरीची भाकरी. गाड्या थांबायच्या, माणसं माझ्याकडे बोट करून म्हणायची, "बघ, ओरिजिनल!" आणि ज्या भाकरीवर बायका हसल्या होत्या ती हौसेनं मागवायची, अर्धी खायची, अर्धी टाकायची. ती भाकरी आत स्टीलच्या परातीत मळली जायची. मी बघत राहायचे. दिव्याच्या उष्णतेनं मला गुंगी यायची. गुंगीत घंटा वाजायच्या, घोडा पाठ हलवायचा, सुगरणींची घरटी डुलायची. आणि हळूहळू मी आतून वाळत चालले होते. लाकडाला वाळताना दुखत नाही, मित्रांनो. नुसतं हलकं वाटतं. म्हणून तर ते कुणाला कळत नाही.

आणखी दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एका दुपारी हनुमंताची मुलगी हर्षदा दहावी पास झाली म्हणून तो आईला आणि लेकीला घेऊन जेवायला आला. बसली ती नेमकी माझ्याखालच्या टेबलावर. गिताबाईचे केस पांढरे झाले होते. तिनं अजून वर पाहिलं नव्हतं.

"आजी, हितली बाजरीची भाकरी लय भारी असती," हर्षदा म्हणाली. "आमच्या सरांनी सांगितलंय, एकदम गावरान. तू खाल्लीस का गं कधी चुलीवरची?"

हनुमंताच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. गिताबाईनं नातीकडे नीट पाहिलं.

"खाल्लीया," ती म्हणाली. "येकदोनदा."

भाकरी आली. कडेनं फाटलेली. हर्षदानं मिटक्या मारत तोडली. गिताबाईनं एक तुकडा बोटांत चुरडला आणि तिचा चेहरा बदलला.

"हर्षे, हिला भाकर म्हणत न्हाईत. जुनं, विरी गेलेलं पीठ हाय, चिकटपणाच न्हाई. त्यात गार पाण्यात मळलंय. आरं ए, कोण हाय तिकडं? कुणी थापली ही?"

गल्ल्याजवळच्या खुर्चीतून आवाज आला. तुळजाबाई तिथं बसून असायच्या, आता गुडघ्यांनी अडलेल्या. "गिताबाई, तुम्हांला कशाला पायजे आमची बाजरी? तुम्ही चपातीवाल्या. पनीर मागवा की."

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मला वरून सगळं दिसत होतं. गिताबाई गप्प बसली असती तर तिचा मान राहिला असता. आणि नात ह्याच फाटक्या भाकरीला भाकरी समजून घरी गेली असती, जन्मभरासाठी. बोलायचं तर तेरा वर्षांचं सोंग तुळजाबाईंपुढेच उतरवायला लागणार होतं. तिनं मान वर केली, बहुतेक देवाला विचारायला. तिला मी दिसले.

"पृथ्वीराज," ती उठून उभी राहिली. "ती मधली काढ खाली. माझी हाय ती."

"काकू, तीन गावांतून आणल्यात. कुठली कुणाची, आता काय सांगावं?"

"आधी काढ. मग सांगती."

त्यानं मला काढून टेबलावर ठेवलं. गिताबाई म्हणाली, "आता तुझा उजवा हात ठेव त्या खळग्यात. बसतोय का?" बसला नाही, त्याचं मनगट आखडलं. मग गिताबाईनं आपला डावा हात ठेवला. कसा बसला ते काय सांगू! पाण्यातली ती बहीण वर येऊन मला भेटावी तसा.

"मी बाजरी खाणारी हाय," ती म्हणाली, आणि तुळजाबाईंकडे बघूनच म्हणाली. "मेंढरामागं हिंडत खाल्लेली हाय. तुमच्या येका बोलण्यापायी मी तेरा वर्सं चपातीचं सोंग केलं. माझा मालक भाकर मागत गेला, तरी केलं. आता बास. हर्षे, चल चुलीपाशी. बघ भाकर कशी असती."

तिनं नवं पीठ मागितलं, उकळतं पाणी मागितलं. मला धुतली, पीठ घेतलं, पाणी ओतलं. इतक्या वर्षांनी माझ्या वाळल्या अंगावर गरम पाणी पडलं आणि टच्च आवाज झाला. मला काठापासून आतपर्यंत तडा गेला. गिताबाईचा हात थांबला. तडा चाचपून ती हळूच म्हणाली, "मीच टांगली तुला." मग पिठाची बारीक वळी करून तिनं तड्यात दाबली आणि मळायला लागली.

भाकरी तव्यावर टम्म फुगली. हर्षदानं घास मोडला. अर्धी संपली तेव्हा नुसतं "आजी" म्हणाली.

तुळजाबाईंनी खुर्चीतूनच हात पुढे केला. "उरलेली मला द्या. आमच्या सासऱ्यांचा दंडक हुता, पाव्हण्यांच्या ताटात बाजरी दिसता कामा न्हाई. पाव्हणं गेलं की आम्ही बायका दार लावून खायचो. तुम्ही भर पंगतीत वाढलीत, तवा माझा जळफळाट झाला. म्हटलं, हिला कुणाचं भ्याच न्हाई."

गिताबाईनं भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. "मग तसं बोलायचं हुतं की, बाई. मी आणखी येक वाढली असती."

मी घरी आले ती हर्षदाच्या मांडीवर बसून. सुतारानं तड्यावर पत्र्याची पट्टी मारली. महिन्यातून एकदा मला तेल चोळतात आणि ऊन लागू देत नाहीत. म्हाळू मात्र त्याआधीच गेला होता. पहिली भाकरी गिताबाईनं त्याच्या फोटोपुढे ठेवली, तुपात माखून. परातीत आता गहू निवडतात. चपातीही होते, तिच्याशी माझं भांडण नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं भांडं असेल, आणि त्यात शिजणारं, भिजणारं तुमचं असं काहीतरी असेल. कुणी हसलं म्हणून ते गोठ्यात टाकू नका, आणि कुणी वाहवा केली म्हणून भिंतीवर टांगू नका. दोन्हीकडे आम्ही वाळतोच. वापरा, धुवा, सावलीत ठेवा.

हर्षदा सुट्टीला आली की माझ्यापुढे बसते. पहिल्यांदा बसली तेव्हा गिताबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बाई, उजवी हाय ही! कसं व्हायचं तुझं?" तिच्या भाकरी अजून एका अंगाला जाड होतात. पण तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्या उजव्या बाजूवर बोट फिरवून पाहा. खळगा नाही तिथे अजून. नुसतं जरासं गुळगुळीत लागतं.