साडेसातला थांबणारे पंखे

आमच्या मानेवाड्याच्या दत्तमंदिराला सहा पंखे ताराचंदजींनी दिले, आणि दिल्यावरही ते त्यांचेच राहिले. प्रत्येक पात्यावर त्यांचं नाव. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून सुरुवातीचे आठ दिवस त्यांनी पंखे बंदच ठेवले असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. चारच दिवस असतील.

पंखे साधे नव्हते, स्मार्ट होते. भिंतीवरचे रेग्युलेटर काढले आणि सगळा कारभार ताराचंदजींच्या मोबाइलमध्ये गेला. इथला पंखा हलवायचा तर हुकूम आधी कुठल्याशा परमुलखातल्या कंपनीच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून मंजूर होऊन मानेवाड्याला परत यायचा.

आरतीत निरांजन विझू नये म्हणून पंखे बंद करतात. पूर्वी ते काम पुजारी आनंदराव करत. कीर्तन संपत आलं की हळूच उठून बटण दाबत. ताराचंदजींनी त्यांना या त्रासातून मुक्त केलं. पंख्यांना कायमचं सांगून ठेवलं, रोज साडेसातला बंद, आठला सुरू. कीर्तन घड्याळावर चालत नाही हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ते कीर्तनाला यायचे ते हार घालून घ्यायला.

वैशाखात खाप्याच्या भागीरथाबाईंचं तीन दिवसांचं कीर्तन ठरलं. वय सत्तर, आवाज अजून झांजेसारखा खणखणीत. आणि त्याच आठवड्यात ती कंपनी बंद पडली. अ‍ॅप उघडलं की नुसता एक गोल गरगरत राही. पंख्यांच्या पोटातलं वेळापत्रक मात्र तसंच शाबूत, आणि ते बदलायची सोय कोणाकडेच नाही.

पहिल्या दिवशी आख्यानातला राजा जंगलात वाट चुकला आणि साडेसात वाजले. सहाही पंखे थांबले. दुपारच्या पंचेचाळीस डिग्रीनं मंडप अजून तापलेला. कूलर लावावा तर त्याच्या घरघरीत पेटीही ऐकू येत नाही. दहा मिनिटांत मंडप रिकामा.

"उकडून राहिलं ना बाई," पहिल्या रांगेतल्या शोभाताई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "नाही तं मी रात्रभर बसली असती."

दुसऱ्या दिवशीही तेच. राजा जंगलातच.

"बाई, राजाले जरा लवकर घरी आणा ना," ताराचंदजींनी सुचवलं.

"राजा पायी चालून राहिला जी, तुमच्या मोबाइलवर नाही," भागीरथाबाई म्हणाल्या. मग झांज पिशवीत ठेवली. "उद्याही आख्यान पुरं झालं नाही, तं ह्या मंदिरात मी पुन्हा उभी राहणार नाही. अर्ध्या कथेवर आरती घेणं मले जमत नाही."

ताराचंदजींची सून वैभवी बुटीबोरीच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करते. ती तिथेच सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, पंख्याच्या डब्यातला प्रोग्रामच बदलून टाकते. नेटवर मिळतो. कोणीही उघडून वाचावा, सुधारावा. सर्व्हर नाही लागत, मंदिराच्या वायफायवरच चालतो."

"वॉरंटी जाईल ना वं!"

"कंपनीच गेली, मामाजी."

"पण लिहिला कोणं?"

"जगभरच्या लोकांनी. मिळून."

"म्हणजे नाव कोणाचंच नाही?"

हे मात्र त्यांच्या पचनी पडेना. भजनाची चाल कोणी बांधली हे न विचारता गावंच्या गावं गातात; पण पंखा पडला दानाचा.

भागीरथाबाई पिशवी उचलू लागल्या तेव्हा कुठे ते "कर बापा काय कराचं ते" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैभवीनं मेन बंद केला, शिडी लावली, छताजवळचे डबे खाली उतरवले. लॅपटॉपला चार तारा जोडल्या. पहिल्या पंख्यानं दोन तास खाल्ले, पुढचे पटापट झाले. प्रत्येक डब्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे, असा आनंदरावांचा हट्ट. "बाहेरून लावा काका, आत नाही," ती म्हणाली. शेवटी गाभाऱ्याच्या दाराशी तिनं एक ठसठशीत बटण बसवलं. दाबलं की पंखे बंद. दाबायचं आनंदरावांनी.

"मग माह्या मोबाइलवर काय राहिलं?" ताराचंदजींनी विचारलं.

"टाइम दिसते ना, मामाजी."

संध्याकाळी मंडप गच्च. साडेसात वाजले आणि दीडशे माना वर गेल्या. पंखे फिरतच राहिले. 'गुरुदेव दत्त' असा गजर झाला. भागीरथाबाईंनी पदर खोचला आणि राजाला जंगलाबाहेर काढायला घेतलं.

सात पस्तीसला शोभाताई चप्पल शोधू लागल्या.

"काहून वं, निघाल्या?" कोणीतरी विचारलं.

"हवा लागून राहिली ना डोक्यावर. मान आखडली माही."

एकाची गाडी गल्लीत आडवी लागली होती. दोघींना कुकर आठवला. ताराचंदजींना लग्नाच्या रिसेप्शनला जायचं होतं. आठ वाजेपर्यंत मंडपात अकरा जण उरले. पंखे बिघडले तर म्हणून वैभवी लॅपटॉप घेऊन खांबाशी बसली होती. तिचा लॅपटॉप केव्हाच मिटला होता आणि ती टाळ्या वाजवत होती.

उठणाऱ्यांकडे भागीरथाबाई बघत होत्या, पण आवाज एक सूतही उतरला नाही. सव्वाआठला राजा घरी पोचला. आनंदरावांनी बटण दाबलं, आरती झाली, बाईंनी अकरा कपाळांना बुक्का लावला.

"पुढच्या साली?" आनंदरावांनी चाचरत विचारलं.

"येते ना जी. काहून नाही येणार?" मंडपभर पसरलेल्या रिकाम्या सतरंज्यांवरून त्यांनी नजर फिरवली. "फक्त सतरंजी एकच टाका."