चौघींचा डबा

दोनशे बारावा फॉर्म टायपिस्टबाईंनी खिडकीच्या उजेडात धरला. लिहिणाऱ्याने तो बहुधा चालत्या बसमध्ये लिहिला असावा. ‘विद्यापीठातील जीवनाविषयी आपले मत’ या छापील ओळीखाली अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती. बाईंनी ओठ हलवत ती लावली आणि टाइप केलं : ‘नीतिशास्त्राचा तास सक्तीचा कशाला? सक्तीने माणूस चांगला होत असता तर माझा मोठा भाऊ एव्हाना संत झाला असता.’ बाई गालातल्या गालात हसल्या आणि त्यांनी तो कागद बाजूला ठेवला.

दर वर्षी सत्र संपताना हा ढिगारा त्यांच्या टेबलावर येई. शहराच्या मधोमध असलेलं ते कॅथलिक विद्यापीठ. तिथल्या कुणा जुन्या फादरांनी नियम घालून दिला होता की मुलांनी वर्षातून एकदा मन मोकळं करून हाताने लिहावं, नाव घालू नये आणि त्यांचं हस्ताक्षर एकाच माणसाने पाहावं. त्या माणसाने मजकूर जसाच्या तसा टाइप करायचा, लिहिणारा ओळखू येईल असं वाक्य तेवढं गाळायचं आणि मूळ कागदाच्या यंत्रात घालून चिंध्या करायच्या. तो एक माणूस म्हणजे गेली एकोणीस वर्षं टायपिस्टबाई. एका प्राध्यापकांना कुणीतरी ‘झोपेची गोळी’ म्हटलं होतं. ते तीन दिवस बाईंच्या टेबलाभोवती घुटमळले. शेवटी बाई म्हणाल्या, “सर, अक्षर सुंदर होतं, एवढंच सांगते.” त्यापलीकडे त्यांनी ब्र काढला नाही.

मतं वाचून बाईंचा मात्र दर वर्षी गोंधळ उडे. एक मुलगी लिही, ‘मी या धर्माची नाही, पण इथे मला कुणी परकं मानलं नाही.’ तिच्याच खालचा कागद म्हणे, ‘मी याच धर्माची आहे, म्हणून सगळे मलाच प्रश्न विचारतात आणि मला उत्तरं येत नाहीत.’ एकाला घंटेमुळे वेळेवर जाग येई, दुसऱ्याला तिच्यामुळे झोपच लागत नसे. फादर संचालक, म्हणजे विद्यार्थ्यांचं सगळं पाहणारे म्हातारे फादर, टाइप केलेला गठ्ठा हातात घेताना हमखास विचारायचे, “थोडक्यात सांगा बाई, पोरं सुखात आहेत ना?” बाई म्हणायच्या, “आहेतही आणि नाहीतही, फादर.” त्यावर ते मान हलवून म्हणायचे की पापनिवेदन ऐकायला बसलो की मलाही हेच ऐकू येतं.

दोनशे तेरावा फॉर्म स्वच्छ होता. अक्षर सुटं आणि किंचित डावीकडे झुकलेलं.

‘इथे सगळं चांगलं आहे. शिक्षक मनापासून शिकवतात. माझी आई इथेच नोकरीला आहे. दुपारी मी चॅपलमध्ये बसून डबा खाते. कॅन्टीनमध्ये एकटं बसलेलं माणूस एकटं दिसतं. चॅपलमध्ये एकटं बसलेलं माणूस प्रार्थना करतंय असं वाटतं. घरी मी सांगते की आम्ही मैत्रिणी मिळून जेवतो. आईला ते ऐकायला आवडतं. सुधारणा काही नको. फक्त दुपारी चॅपल बंद करू नका.’

बाईंचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. त्यांची एकुलती एक लेक इथेच दुसऱ्या वर्षाला होती. रोज संध्याकाळी ती रिकामा डबा मोरीत ठेवी आणि सांगे, आज कॅन्टीनला होतो आम्ही सगळ्या, हसून हसून पोट दुखलं.

नोकरदारांच्या मुलींपैकी इथे शिकणाऱ्या आणि आई इथेच कामाला असलेल्या अशा तिघीच होत्या. एक वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंची, एक दवाखान्यातल्या नर्सची आणि एक त्यांची स्वतःची. तिघींतली एक. अक्षर पाहिलं की झालं, असं म्हणून बाईंनी कागद पुन्हा उजेडात धरला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांना आपल्या मुलीचं अक्षरच माहीत नाही. प्राध्यापकांच्या चिठ्ठ्या त्या सहीशिवाय ओळखत. मुलीचं अक्षर त्यांनी शाळा सुटल्यापासून पाहिलंच नव्हतं. तिचं सगळं लिखाण फोनवर नाहीतर लॅपटॉपवर चाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाईंनी फॉर्म टाइप न करता गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी घरी त्यांनी लेकीला सांगितलं, हात दुखतोय, बाजारातून आणायच्या सामानाची यादी जरा लिहून दे. लेकीने फोन काढला आणि म्हणाली, “हं, बोल.” बाईंनी साबण, चहा, काड्यापेटी असं काहीबाही सांगितलं, लेकीने ते टिपून थेट बापाला पाठवलं आणि पलीकडच्या खोलीत नवऱ्याचा फोन वाजला. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, दिवसभर वर-खाली करून नुकताच टेकला होता. स्वतःच्या घरातसुद्धा आपल्याला लेखी हुकूम येतात, असं तो आतून म्हणाला. मग बाईंनी पाकिटावर पत्ता घालायला सांगून पाहिलं. हल्ली पत्र कोण पाठवतं, असं म्हणून लेकीने तेही उडवून लावलं. कपाटाच्या तळाशी चौथीतली एक वही तेवढी सापडली. तिच्यातली अक्षरं भोपळ्याएवढी होती. भोपळ्यावरून काय ओळखणार?

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारी कुठे जेवलीस. कॅन्टीनला, सगळ्या मिळून, असं लेक म्हणाली. तिचा चेहरा जराही हलला नाही. खरं असेल तर हलायचं कारण नव्हतं आणि खोटं असेल तर पोरगी फारच सरावली होती. बाईंना दोन्हीतलं काहीच ठरवता येईना. एक गोष्ट मात्र आठवली आणि घास तोंडात फिरू लागला. पहिल्या वर्षी, पहिल्याच महिन्यात, लेक म्हणाली होती की ओळखीचं कुणीच नाही, दुपारी फार कंटाळा येतो. तेव्हा बाई कणीक मळता मळता म्हणाल्या होत्या, “घुमी राहू नकोस. माणसांत मिसळायला शीक.” पुढच्याच आठवड्यात लेकीला मैत्रिणी मिळाल्या होत्या. बाईंना किती बरं वाटलं होतं. आता त्यांना स्वतःचा राग आला, मग लेकीचा आला, आणि मग वाटलं की फॉर्म नर्सच्या मुलीचाही असू शकतो, उगाच कशाला जीव टांगणीला लावून घ्या. पण असं दुसऱ्याच्या पोरीवर ढकलून बरं वाटावं याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर संचालक स्वतःच बाईंच्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. चॅपल झाडणाऱ्या मावशींनी बाकांखालचा पावाचा चुरा गोळा करून तो पुरावा म्हणून त्यांच्यापुढे आणून ठेवला होता. उद्यापासून एक ते दोन चॅपलला कुलूप लावावं असं मावशींचं म्हणणं होतं आणि फादरांनाही ते पटत चाललं होतं. देवाघरी हे बरं दिसत नाही, ते म्हणाले. मुलांनी त्याबद्दल काही लिहिलंय का?

“चाळीसेक फॉर्म राहिलेत, फादर,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी देते, मग ठरवा.”

एक वाजून दहा मिनिटांनी त्या चॅपलकडे निघाल्या. नियम काही मोडत नाही, चॅपलमध्ये कुणीही जाऊ शकतं, असं त्या स्वतःला बजावत होत्या. पण चोराच्या मनात चांदणं. व्हरांड्यात शिपाई नुसता “जेवलात का बाई?” म्हणाला तरी त्या दचकल्या. बाजूचा दरवाजा अर्धा उघडा होता. त्यांनी आत न जाता तिथूनच पाहिलं.

लेक तिथे होती. मागून तिसऱ्या बाकावर, मांडीवर डबा, डब्यावर ओढणी. ती हळूच घास तोंडात घाली, मान खाली करी आणि चावे. चार बाक पुढे नर्सची मुलगी होती. तिचा डबा पर्समध्येच उघडलेला होता. खांबाच्या आडोशाला स्वयंपाकीणबाईंची मुलगी होती. आणि अगदी दुसऱ्या टोकाला आणखी एक, बाईंच्या ओळखीची नसलेली. चौघी चार बाकांवर. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं, कारण बघितलं असतं तर दुसरीलाही बघावं लागलं असतं. चौघींच्या माना खाली होत्या. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय श्रद्धाळू पोरी आहेत.

आता तर बाईंचा गोंधळ जास्तच वाढला. फॉर्म कुणाचा, हे कोडं सुटलंच नव्हतं. एकीने लिहिलं होतं आणि ते चौघींना लागू पडत होतं. एवढं मात्र कळलं होतं की तो आपल्या लेकीचा नसला तरी आता काही फरक पडत नाही. त्यांना वाटलं, सरळ आत जावं, तिच्याशेजारी बसावं आणि म्हणावं, हलव डबा इकडे. त्यांनी एक पाऊल टाकलंही. मग विचार आला, आपण आत गेलो तर उद्यापासून ती इथेही येणार नाही. घरात ती बोलते ते खोटं आपल्यासाठी आहे आणि या शहरात तिला एकटं बसायला ही एकच जागा आहे. त्या मागच्या मागे फिरल्या. वाटेत आपला डबा टेबलावर तसाच राहिल्याचं आठवलं, पण भूक मेली होती.

टेबलाशी येऊन त्यांनी तळाचा फॉर्म वर काढला आणि टाइप करायला घेतला. ‘माझी आई इथेच नोकरीला आहे’ या वाक्यापाशी बोटं थांबली. लिहिणारी ओळखू येईल असं वाक्य गाळायचं, हा नियम. ‘आईला ते ऐकायला आवडतं’ या वाक्यावरून मात्र कुणी ओळखू येत नव्हतं, ते ठेवायलाच हवं होतं. मोह होता दुसरं गाळायचा. बाईंनी पहिलं गाळलं, दुसरं ठेवलं आणि मूळ कागद यंत्रात घातला.

संध्याकाळी गठ्ठा देताना त्या म्हणाल्या, “फादर, दोनशे तेरा आधी वाचा.”

एकोणीस वर्षांत त्यांनी कुठल्या फॉर्मकडे असं बोट दाखवलं नव्हतं. फादरांनी तो उभ्यानेच वाचला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला.

“कोण आहे ही?”

“माहीत नाही, फादर,” बाई म्हणाल्या. आणि त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

फादरांनी खिशातली पुडी काढून केराच्या टोपलीत टाकली. मावशींना सांगतो, ते म्हणाले, दुपारनंतर एक हात झाडू जास्त मारा म्हणून, कुलपाचं राहू द्या. यंदा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

घरी लेक मोरीत डबा ठेवून वळत होती. बाईंनी मागे न वळता विचारलं, “किती जणी असता गं तुम्ही जेवायला?”

लेक म्हणाली, “चौघी.”

चौघी. पोरगी खोटं बोलत होती आणि आकडा खरा होता. तिने तरी मान वर करून मोजल्या होत्या तर.

“मग उद्या चौघींचं देते,” बाई म्हणाल्या.

“कशाला आई? त्या आणतात आपापलं.”

“आणू देत. एक दिवस माझ्या हातचं खातील.”

हे आपण मदत म्हणून करतोय की पोरीला पेचात धरायला, ते बाईंना स्वतःलाही सांगता आलं नसतं. सकाळी लवकर उठून त्यांनी आठ सँडविच केली, चार अंडी उकडली आणि सगळं मोठ्या डब्यात भरलं. लेकीने डबा हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं, पिशवीत घातला आणि गेली. त्या दिवशी दुपारी बाई चॅपलकडे फिरकल्या नाहीत. एक वाजल्यापासून दोन वाजेपर्यंत त्या एकच पान टाइप करत होत्या आणि त्यातही तीन चुका झाल्या.

संध्याकाळी डबा परत आला तेव्हा जडच होता. बाईंनी झाकण काढलं. सहा सँडविच, तीन अंडी.

“त्या आज आल्याच नव्हत्या,” लेक म्हणाली. “एकीला बरं नव्हतं, मग बाकीच्याही...”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “होतं असं.”

तेवढ्यात नवरा कामावरून आला. हातपाय धुता धुता त्याने मैत्रिणींचं ऐकलं, डबा पाहिला, खुर्ची ओढली आणि कुणाला न विचारता एक सँडविच उचललं. पोटात कावळे ओरडत होते त्याच्या. दुसरं उचलताना तो म्हणाला, “तुझ्या मैत्रिणी अशाच रोज दांडी मारोत, पोरी. माझी तरी चैन होईल.”

लेक हसली. खरंच हसली, आणि तिनेही एक उचललं. बाई समोर बसल्या आणि त्यांनीही घेतलं. ब्रेड सकाळचा होता, कडा कडक झाल्या होत्या. तिघांनी मिळून त्या तिघींचं जेवण संपवलं. नवरा लिफ्टमध्ये अडकलेल्या एका जाड गृहस्थांची गोष्ट रंगवून सांगत होता, लेक मध्येमध्ये त्याला टोकत होती, आणि बाईंना कळेना की हे सुखाचं आहे की दुःखाचं. शेवटचं अंडं त्यांनी सुरीने कापून अर्धं नवऱ्याला दिलं आणि अर्धं लेकीच्या पुढे सरकवलं.

“उद्या देऊ का परत?” त्यांनी विचारलं.

लेकीने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

“दे,” ती म्हणाली. “उद्या येतील बहुतेक.”