देवघरातला साहेब

वसुधा गेल्यावर तिची पूजा मी करू लागलो. तिचा एकही देव चुकू नये म्हणून देवघरातल्या दाढीवाल्या महाराजांच्या फोटोलाही रोज कुंकू लावायचो.

१९८६ साली तिच्या ऑस्ट्रेलियातल्या पत्रमैत्रिणीचं पत्र आलं. त्यांचं मेंढ्यांचं खेडं वसवणाऱ्या गोऱ्या साहेबाचा फोटो तिनं वसुधाला बघायला पाठवला होता. तो आता गावच्या हॉलसाठी परत हवा होता. महत्त्वाचं सगळं वसुधा देवघरातच ठेवायची.

"बाबा, वर्षभर मेंढीवाल्याची पूजा केलीत?" मुलगी विनीता हसत सुटली.

कुंकवाचा डाग निघेना. फोटो तसाच पाठवला.

मैत्रिणीनं कळवलं, "हॉलमध्ये लावला. कमिटी म्हणते, बिचाऱ्याला कपाळात गोळी लागली होती."

हे वसुधाला दिवा लावताना रोज सांगतो.